तीस टनांचा पत्रा, दोनशे ग्रॅमचा पुठ्ठा

पहिल्या महायुद्धात जर्मनीने ए७व्ही नावाचे रणगाडे बांधले, तेही अवघे २०. त्यांतला अस्सल असा एकच आज शिल्लक आहे. त्याचं नाव ‘मेफिस्टो’. १९१८ मध्ये फ्रान्समधल्या व्हिलेर-ब्रेतोनो गावाजवळ तो अडकून पडला, ऑस्ट्रेलियन सैनिकांनी तो आपल्या बाजूला ओढून आणला आणि आता तो ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड संग्रहालयात आहे. वजन सुमारे ३० टन. जर्मनीत मुन्स्टरच्या रणगाडा संग्रहालयात जो ए७व्ही दिसतो, तो ‘वोटान’ या गाडीची पुष्कळ नंतर घडवलेली प्रतिकृती आहे. म्हणजे ज्याला हा रणगाडा पाहायचा आहे, त्याला रणगाड्याकडेच जावं लागतं.

लष्करी वाहनांच्या वारसा प्रदर्शनात मी मांडतो तो कागदी ए७व्ही पुठ्ठ्याच्या एका खोक्यात मावतो. प्रमाण १:२५. मूळ गाडी ७.३४ मीटर लांब, तेव्हा माझी २९ सेंटिमीटरच्या थोडी पुढे. कागद १६० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला १६० ग्रॅम. ए-४ आकाराचा कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणून त्याचं वजन बरोबर १० ग्रॅम. असे वीस कागद लागले. सगळी गाडी २०० ग्रॅमची.

टेबलापाशी थांबणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, “कागदाचा कशाला? प्लॅस्टिकचे तयार संच मिळतात की.” प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की या गाड्यांसाठी कागद हीच सर्वांत जवळची वस्तू आहे. ए७व्ही ज्या कारखान्यात बनला तिथेही सुरुवात सपाट तक्त्यापासूनच झाली होती. पोलादाचा लाटलेला पत्रा घ्यायचा, आखायचा, कापायचा, वाकेल तिथे वाकवायचा, कडांना जोडायचा. माझ्या टेबलावरही तेच होतं. प्लॅस्टिकचा भाग साच्यातून आयता आकार घेऊन बाहेर पडतो. ती मूर्ती सुबक असते, पण गाडी अशाच आकाराची का झाली हे ती सांगत नाही.

हे ‘का’ समजायला गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस याच्याकडे जावं लागतं. कुठल्याही पृष्ठभागावर एक बिंदू घ्या. त्या बिंदूपाशी पृष्ठभाग एका दिशेने सर्वांत जास्त वाकलेला असतो आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेने सर्वांत कमी. या दोन वाकांचा गुणाकार करा. गाउसने १८२७ मध्ये दाखवून दिलं, की पृष्ठभाग न ताणता, न फाडता कसाही वाकवला तरी हा गुणाकार बदलत नाही. सपाट कागदाचा गुणाकार शून्य. त्याची नळी केली तर एका दिशेने वाक येतो, पण नळीच्या लांबीच्या दिशेने वाक शून्यच राहतो, म्हणून गुणाकारही शून्य. शंकूचंही तसंच. चेंडूवर मात्र दोन्ही दिशांना वाक असतो. शून्याचं तिथे काहीतरी होतं, आणि तेच गाउस होऊ देत नाही. म्हणून कागदात चेंडू गुंडाळायला गेलं की चुण्या पडतात. मार्टिन वाल्डझेम्युलरने १५०७ मध्ये पृथ्वीचा गोल करण्यासाठी नकाशा छापला, तोसुद्धा होडीच्या आकाराच्या १२ पाकळ्यांत कापून.

पोलादी पत्रा या नियमातून सुटत नाही. लोखंड ताणता येतं, हे खरं. मोटारीचा पातळ पत्रा दाबयंत्रात ताणूनच गोलाई घेतो. पण काही सेंटिमीटर जाडीचं चिलखत तसं ताणणं म्हणजे मोठाच खटाटोप. म्हणून रणगाड्यांच्या रचनेत दोन घराणी पडली. एक पत्र्याचं, दुसरं ओतीव पोलादाचं. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर पहिल्या घराण्यातला. त्याचं धड म्हणजे जवळपास खोकंच. त्याच्या बुरुजाच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या, दोन्ही बाजू आणि पाठ मिळून ८ सेंटिमीटरहून थोडा जाड असा एकच पत्रा आहे, घोड्याच्या नालासारखा वाकवलेला. हा वाक एकाच दिशेने आहे. कागदात तो एका पट्टीतून होतो आणि वाकवताना बोटांना कळतं, की कारखान्यातल्या माणसांनीही असाच एक लांब तुकडा वाकवला होता. उलट अमेरिकन शर्मनच्या एम४ए१ या प्रकाराचं वरचं धड ओतीव आहे, सगळ्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल. कागदात तो करताना प्रत्येक कोपऱ्याला पाकळ्या कापाव्या लागतात आणि तरी तो किंचित पैलूदार दिसतोच. मी प्रदर्शनात दोन्ही शेजारी ठेवतो. गोल कडांवरचे पैलू लपवत नाही. कागद जिथे अडला, नेमकं तिथेच पत्र्याचं काम थांबलं होतं आणि ओतशाळेचं सुरू झालं होतं, हे दाखवायला त्याहून चांगला पुरावा नाही.

आणि म्हणूनच प्रत्येक गाडीसमोर तिचा न कापलेला तक्ता मांडावा, असा माझा आग्रह असतो. सगळे तुकडे सपाट, घडीच्या रेषांसकट. तक्त्यावरचा तुकडा गाडीवर शोधण्यात लहान मुलंच नाही, मोठी माणसंही रंगून जातात. नुसती गाडी पाहणारा माणूस पुढे सरकतो. तक्ता पाहणारा खाली वाकतो.

जाडीचाही हिशेब इथे फार सुंदर जमतो. १६० जीएसएमचा कागद साधारण ०.२ मिलिमीटर जाड असतो. १:२५ च्या जगात ते ५ मिलिमीटर पोलाद झालं. ए७व्हीच्या तोंडावरचा पत्रा ३० मिलिमीटरचा, म्हणजे सहा थर. टायगरचा पुढचा पत्रा १०० मिलिमीटरचा, तिथे वीस थर चिकटवले की ४ मिलिमीटरचा ठोकळा होतो. हे दोन ठोकळे हातात दिले की पंचवीस वर्षांत तोफा किती बदलल्या हे निराळं सांगावं लागत नाही. सोव्हिएत टी-३४ साठी मी तिसरा तुकडा ठेवतो. त्याचा पुढचा पत्रा ४५ मिलिमीटरचाच, पण उभ्या रेषेपासून ६० अंश मागे कललेला. समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला त्यातून ९० मिलिमीटरची वाट काढावी लागते. नऊ थरांचा तुकडा तिरका धरून त्याची आडवी जाडी पट्टीने मोजली की ती बरोबर दुप्पट भरते. शाळेतलं त्रिकोणमितीचं कोष्टक हातात आल्यासारखं वाटतं.

वजनाचा हिशेब मात्र जमत नाही. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी २५ पट घटली तर घनफळ १५,६२५ पट घटतं. ३० टनांना त्याने भागलं तर १.९ किलो येतात. माझी गाडी त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाची आहे, कारण पोलादाच्या तुलनेत कागद खूपच हलका. घरात हे सोयीचं. उघड्या मांडवात हाच हलकेपणा अंगाशी येतो. सेकंदाला १० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दर चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन दाब पडतो. ए७व्हीच्या बाजूचं क्षेत्रफळ धरलं तर वाऱ्याचा रेटा जवळपास २३० ग्रॅम वजनाइतका भरतो, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाहून जास्त. गाडी लाकडी पाटावर पक्की बसवलेलीच हवी.

वाऱ्यापेक्षा मोठा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे हवेतली वाफ.

कागद सेल्युलोजच्या तंतूंचा बनतो. कारखान्यात लगदा धावत्या जाळीवर पडतो, तेव्हा बरेचसे तंतू जाळीच्या धावण्याच्या दिशेने लांबीत पडतात. छपाईवाले या दिशेला ग्रेन म्हणतात. तंतू पाणी पितो तेव्हा तो लांबीत जेमतेम वाढतो, जाडीत मात्र चांगलाच फुगतो. परिणामी दमट हवेत कागद ग्रेनच्या दिशेने जवळजवळ तेवढाच राहतो आणि ग्रेनच्या आडवा वाढतो. कोरड्या खोलीतून दमट मांडवात गेल्यावर ही आडवी वाढ अर्ध्या टक्क्याच्या आसपास होऊ शकते. २९ सेंटिमीटरला दीड मिलिमीटर. ऐकायला किरकोळ. पण बाजूची दोन्ही टोकं गोंदाने जखडलेली असतील तर हा दीड मिलिमीटर जाणार कुठे? तो बाहेर फुगतो. दोन टोकांमधला हा वाढलेला कागद कमानीसारखा वाकला, तर भूमितीप्रमाणे कमानीची उंची जवळपास १२ मिलिमीटर येते! दीड मिलिमीटरची वाढ आणि बारा मिलिमीटरचं पोट.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका सकाळी, पावसानंतरच्या मांडवात, आदल्या रात्री सरळ असलेली माझ्या गाडीची बाजू फुगलेली दिसली तेव्हा शिकलो. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं होतं, कारण त्या गाडीवर तीन महिने गेले होते.

उपाय दोन, आणि दोन्ही गाडी बांधण्याआधीच करायचे. पहिला म्हणजे आतला सांगाडा. खाचा पाडून एकमेकांत अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या आडव्या-उभ्या भिंती. बाजूच्या २९ सेंटिमीटरचे अशा भिंतींनी सहा भाग केले तर प्रत्येक भागात तीच टक्केवारी वाढते, पण पोट येतं ते दोन मिलिमीटरचं. दुसरा उपाय म्हणजे तक्ते छापतानाच ग्रेन गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवणं, म्हणजे सर्वांत लांब बाजू सर्वांत कमी वाढते. ग्रेन ओळखायची युक्ती साधी आहे. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहायचा. ज्या दिशेने गुंडाळताना तो निमूट वळतो, त्या गुंडाळीच्या अक्षाच्या दिशेने ग्रेन धावतो. पांढरा गोंदही पाण्यातलाच असतो. तो बेताने, काडीच्या टोकाने लावायचा.

प्रवासातली एक सवय मी आता कधीच मोडत नाही. थंड मोटारीतून उबदार दालनात आणलेलं खोकं लगेच उघडत नाही. थंड कागदावर उबदार हवेतली वाफ आधी बसते. तासभर बंद ठेवलं की आतबाहेरचं तापमान सारखं होतं.

उजेडाचं गणित तर अनेकांना खरंच वाटत नाही. नाजूक कागदी चित्रांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स प्रकाशाची मर्यादा पाळतात. भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स असतात. रंग उडण्याचा हिशेब ढोबळमानाने प्रकाश गुणिले वेळ असा चालतो. तेव्हा उन्हातला एक तास म्हणजे ५० लक्समधले २,००० तास. रोज आठ तास प्रदर्शन धरलं तर २५० दिवस. उन्हातली अतिनील किरणं नुकसानीत आणखी भर घालतात. इंकजेट छपाईत रंगद्रव्य विरघळलेलं असेल तर त्याचा रेणू न् रेणू प्रकाशाला उघडा पडतो. पिगमेंटची शाई कणांच्या रूपात असते आणि कणाचा पृष्ठभाग विटला तरी आतला रंग राहतो. म्हणून मी पिगमेंटवरच छापतो. लेझर छपाईचा रंग उजेडात टिकतो, पण तो कागदावर प्लॅस्टिकच्या थरासारखा बसतो आणि घडीवर तडकतो. ती पांढरी रेघ मग ब्रशने रंगवत बसावं लागतं.

कागदी गाड्यांचा हा छंद पोलंडमध्ये फार रुजला. तिथलं ‘मावी मोदेलाश’ हे मासिक १९५७ मध्ये सुरू झालं. रणगाड्यांसाठी १:२५ हे प्रमाण कागदकामात रुळलेलं आहे आणि प्रदर्शनात ते उपयोगी पडतं, कारण त्यात माणूस सात सेंटिमीटरचा होतो, ओळखू येण्याइतका.

माणसाचा विषय निघाला म्हणून रिव्हेटांविषयी. वेल्डिंग रुळण्याआधीच्या गाड्यांचे पत्रे रिव्हेटांनी, म्हणजे भोकांत ठोकून बसवलेल्या जाड खिळ्यांनी, जोडत. माझ्या ए७व्हीवर ती शेकड्यांनी आहेत, प्रत्येक म्हणजे कागदाची बारीक टिकली. पाहणाऱ्यांना ती नक्षी वाटते. आत बसलेल्यांसाठी ती धोका होती, कारण बाहेरून मार बसला की रिव्हेटाचं डोकं तुटून आत उडू शकत असे. पत्र्याच्या फटींतून आणि पाठीमागून धातूचे तापलेले कणही उडत. त्यासाठी ब्रिटिश रणगाड्यांतल्या काही सैनिकांना चामड्याचे मुखवटे मिळाले होते, ज्यांच्या खालच्या कडेला साखळ्यांची जाळी लोंबत असे. हे सांगितलं की टिकल्यांकडे बघण्याची नजर बदलते, असा माझा अनुभव आहे. वारसा म्हणून आपण यंत्र मांडतो तेव्हा त्यातल्या माणसांची जागाही मांडली पाहिजे.

म्हणून माझ्या ए७व्हीचं छप्पर चिकटवलेलं नाही. ते उचललं की मधोमध दोन डेमलर इंजिनं दिसतात, प्रत्येकी १०० अश्वशक्तीची. त्यांच्याभोवती, २९ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद खोक्यात, मी कागदाची १८ माणसं बसवली आहेत, कारण या रणगाड्यात तेवढे सैनिक असत. पहिल्यांदा बसवताना सोळाव्या माणसाला जागा सापडेना. इंजिनं थोडी लहान कापावीत असा मोह झाला. मापं पुन्हा तपासली तर ती बरोबर होती. शेवटी दोघांचे गुडघे इंजिनाच्या कडेला टेकवून बसवले तेव्हा अठराही मावले.