वॉशिंग्टन : एक आडनाव आणि त्याची गावे

वॉशिंग्टन : इंग्लंडच्या ईशान्य भागातील एका खेड्यावरून पडलेले जुने इंग्रज आडनाव. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून याच आडनावावरून अमेरिकेची राजधानी, पुढे एक राज्य, तीसहून अधिक काउंटी (म्हणजे जिल्हे) आणि असंख्य शहरे, शिखरे व तळी ओळखली जाऊ लागली. आज हे आडनाव लावणाऱ्यांपैकी बहुतेक जण मूळ घराण्याचे वंशज नाहीत. ते आफ्रिकी-अमेरिकी आहेत आणि त्यांच्या पूर्वजांनी गुलामगिरीच्या काळात किंवा ती संपल्यावर हे नाव घेतले. म्हणून या नावाची हकिगत फक्त एका जमीनदार घराण्याची म्हणून सांगितली, तर ती अर्धीही सांगून होत नाही.

गावावरून आडनाव पडण्याची रीत मराठी माणसाला समजावून सांगायला नको. मूळचे आडनाव एक, पण वतन मिळालेल्या किंवा वस्ती केलेल्या गावावरून घराणे ‘अमुककर’ झाले, अशी उदाहरणे आपल्याकडे घरोघरी सापडतात. इंग्लंडात बाराव्या शतकात असेच घडले. विल्यम द हर्टबर्न नावाच्या सरदाराने आपले हर्टबर्न गाव डरमच्या बिशपला देऊन त्या बदल्यात वेसिंग्टन (म्हणजे आजचे वॉशिंग्टन) घेतले आणि गावाबरोबर नावही बदलले. बिशपच्या ११८३ सालच्या जमीनपाहणीत या व्यवहाराची नोंद आहे : विल्यमने वर्षाला चार पौंड द्यायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचे. गावाचे नाव त्याहून जुने आहे. ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली वाडी, आणि आधीचा भाग वस्सा किंवा तशाच नावाच्या कोणा अँग्लो-सॅक्सन माणसाचा, अशी सर्वसाधारण फोड केली जाते. थोडक्यात, वस्साची वाडी. दक्षिणेला वेस्ट ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचे एक खेडे आहे. त्याचा या घराण्याशी संबंध नाही.

घराण्याची एक शाखा लँकेशरमध्ये आणि तिथून नॉर्थॅम्प्टनशरमध्ये गेली. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोकरीचा व्यापारी दोनदा नॉर्थॅम्प्टनचा महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ बंद करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ मध्ये त्याने सल्ग्रेव्हची जमीन घेतली आणि तिथे घर बांधले. या घराच्या दारावर घराण्याची ढाल कोरलेली आहे : खाली दोन आडवे पट्टे, वर तीन पाचटोकी तारे. रंगवलेल्या रूपात पार्श्वभूमी पांढरी असते, पट्टे आणि तारे लाल. यॉर्कशरमधील सेल्बीच्या मठ-चर्चच्या रंगीत काचेतही हीच ढाल दिसते. १९३८ मध्ये अमेरिकेच्या राजधानीने स्वतःचा ध्वज स्वीकारला तो जवळजवळ हीच ढाल घेऊन. अमेरिकेचा राष्ट्रध्वजही हिच्यावरूनच सुचला असे हौसेने सांगितले जाते, पण त्याला आधार नाही.

लॉरेन्सच्या वंशातला एक धर्मोपदेशक इंग्लंडमधील राजा विरुद्ध पार्लमेंट या यादवीत, १६४३ साली, पार्लमेंटच्या बाजूच्या लोकांनी पदावरून दूर केला. घर विपन्नावस्थेला आले. त्याचा मुलगा जॉन १६५६-५७ च्या सुमारास एका व्यापारी जहाजावर नोकरी धरून व्हर्जिनियात पोचला. परतीच्या वेळी ते जहाज पोटोमॅक नदीत रुतले. जॉन तिथेच राहिला, एका जमीनदाराच्या मुलीशी लग्न केले आणि तंबाखूच्या मळ्यांचा मालक झाला. जॉर्ज वॉशिंग्टन (१७३२–१७९९) हे त्याचे पणतू. जॉर्ज यांना स्वतःला वंशावळीचे कौतुक नव्हते. राष्ट्राध्यक्ष असताना लंडनहून कोणी घराण्याची माहिती मागवली, तेव्हा आपण या विषयाकडे फारच थोडे लक्ष दिले आहे, असे त्यांनी कळवले. त्यांना मूलबाळ झाले नाही. घराण्यात आडनाव पुढे चालले ते भाऊबंदांकडून.

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर १७९९ मध्ये ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. बाकीचे मुख्यतः पत्नी मार्था यांच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीचे. आपल्या मालकीच्यांना मुक्त करावे असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले, पण त्यांच्या हयातीत स्वातंत्र्य कोणाला मिळाले नाही. काहींनी ते स्वतःच मिळवले. हॅरी वॉशिंग्टन हे त्यांतले एक. त्यांचा जन्म आफ्रिकेतला; माउंट व्हर्ननच्या तबेल्यात ते घोड्यांची निगा राखत. १७७६ मध्ये, मालक स्वातंत्र्ययुद्धाचे सेनापती असताना, ते पळून इंग्रजांच्या बाजूला गेले. युद्ध संपल्यावर इंग्रजांच्या जहाजातून आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियाला आणि १७९२ मध्ये तिथून आफ्रिकेतील सिएरा लिओनला पोचले. तिथेही जमिनीवर लादलेल्या खंडाविरुद्ध उठाव झाला, तेव्हा ते त्यात सामील झाले आणि १८०० मध्ये हद्दपार झाले. जुलमी कराविरुद्ध लढलेला वॉशिंग्टन म्हटल्यावर एकच माणूस आठवावा हे बरे नाही. हॅरी यांचे नावही तितक्याच आदराने घ्यायला हवे.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली आणि लाखो माणसांना सरकारदरबारी आडनाव सांगण्याची वेळ आली. कित्येकांनी वॉशिंग्टन निवडले. त्यांतल्या फारच थोड्यांचा माउंट व्हर्ननशी संबंध होता. देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचे नाव सर्वांना ठाऊक होते आणि त्यावर कोणा एका मालकाची मक्तेदारी नव्हती, हे त्यामागचे एक कारण असावे. ही निवड कशी होई, याचे जवळून दिसणारे चित्र बुकर टी. वॉशिंग्टन (१८५६–१९१५) यांनी आत्मकथनात ठेवले आहे. शाळेचा पहिला दिवस. मास्तर हजेरी घेत आहेत. इतर मुलांना दोन-दोन नावे आहेत, याला नुसते ‘बुकर’. आपली पाळी येईपर्यंत मुलाने मनाशी ठरवले, आणि जन्मापासून तेच नाव असल्यासारखे शांतपणे सांगितले : बुकर वॉशिंग्टन. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते. हाच मुलगा १८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचा प्रमुख झाला. मराठी वाचकांनी चरित्रातून जिव्हाळ्याने आपलेसे केलेले कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याच संस्थेत आले आणि अखेरपर्यंत राहिले.

अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे १,६३,०३६ लोक होते. त्यांपैकी सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय. शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन आणि अभिनेते डेंझेल वॉशिंग्टन ही त्यांतली ठळक नावे. राजधानीचे १९७५ साली सूत्रे घेणारे निवडून आलेले महापौरही वॉशिंग्टनच होते : वॉल्टर वॉशिंग्टन. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. त्या मुक्तीनंतर शाळेच्या हजेरीपटावर आणि सरकारी कागदांवर जी नवी आडनावे उमटत होती, त्यांत हे एक होते.

स्थळांपैकी राजधानीला हे नाव १७९१ मध्ये, जॉर्ज हयात आणि पदावर असतानाच, देण्यात आले. अमेरिकेच्या वायव्येकडील लोकांना आपल्या प्रदेशासाठी ‘कोलंबिया’ हवे होते. राजधानीच्या डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबियाशी घोळ होईल म्हणून काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) १८५३ मध्ये ‘वॉशिंग्टन’ केले. घोळ काही टळला नाही. आजही राज्य की राजधानी, हे वेगळे सांगावे लागते. हा प्रदेश १८८९ मध्ये अमेरिकेचे ४२वे राज्य झाला. न्यू हॅम्पशरमधील माउंट वॉशिंग्टन (१,९१७ मीटर) तुफान वाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९३४ मध्ये तिथे ताशी ३७२ किलोमीटर वेग नोंदला गेला.

मूळचे वॉशिंग्टन पुढे कोळशाच्या खाणींचे गाव झाले आणि १९६४ मध्ये सरकारने तिथे नवे शहर वसवायला घेतले. घराण्याची जुनी गढी एकोणिसाव्या शतकात भाडेकरूंनी गजबजली आणि मोडकळीला आली. ती पाडली जाणार होती. गावातल्या फ्रेड हिल या शाळामास्तरांनी १९३६ पासून खटपट करून वाचवली. १९७७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी गावाला भेट देऊन तिथे एक झाड लावले.

भारतात हे नाव फळांच्या गाडीवर भेटते. ‘वॉशिंग्टन’ म्हणून विकले जाणारे लालचुटूक सफरचंद त्या वायव्येकडच्या राज्यातून येते. पपईची वॉशिंग्टन ही जात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला जुनी परिचित आहे. पानांच्या जांभळ्या देठांवरून ती ओळखू येते. आणि क्रिकेटपटू वॉशिंग्टन सुंदर यांचे नाव अमेरिकेवरून ठेवलेले नाही. त्यांच्या वडिलांना लहानपणी फी, पुस्तके, गणवेश देऊन सांभाळणारे चेन्नईतले एक माजी सैनिक होते, त्यांचे ते नाव. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत सुंदर यांनी पहिल्या डावात ५९ धावांत ७ बळी घेतले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हे नाव झळकले.