कोयत्याची किंमत वजनावर ठरत नाही

‘लोखंडाच्या भावाची तिप्पट केली की झाली किंमत’ हा हिशेब लोहारकामात वर्षानुवर्षे चालत आला आहे. फॅब्रिकेशनच्या गेट-ग्रिलला किलोचा दर चालतो. घडवलेल्या कोयत्याला नाही, कारण त्यात लोखंड हा खर्चाचा छोटासाच भाग असतो.

समजा, भंगारातला कमानपाटा (गाडीच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) 70 रुपये किलो. 700 ग्रॅमचे 49 रुपये, तिप्पट 147. आता खरा खर्च बघा. 2 किलो कोळसा 50, मूठ-कडी 40, ग्राइंडरची चकती आणि वीज 21. लोखंडाचे 49 धरून इथेच 160 झाले, मजुरी अजून शून्य!

ऐरणीवर तास लागतो: लोहाराचे 120, घणवाल्याचे 80. पण 8 तासांतले जेमतेम 5 ऐरणीवर जातात. बाकी कोळसा आणणे, भट्टी पेटवणे, बाजार. म्हणून 200 ला 1.6 ने गुणा: 320. एकूण 480.

शिवाय कमानपाट्याला थेट पाणी दिलं, म्हणजे तापलेलं पातं कडक करायला पाण्यात बुडवलं, की पात्याला तडा जाऊ शकतो. तेलात थंड करणं बरं. तरी दहात एक वाया धरा. दहांचे 4,800 रुपये 9 नगांवर वाटले की 533.

यात नफा अजून धरलेलाच नाही. दुकानदाराला 20 टक्के सोडायचे असतील तर 533 वर 20 टक्के चढवू नका. त्याने 640 होतात, कमिशन जाऊन हाती 512 उरतात. 0.8 ने भागा: 666.