डायनोच्या कागदावरचे दोन आकडे

साताऱ्यात टर्बो पेट्रोल सेदान आता नवलाईची राहिलेली नाही. जुन्या लॉरा आहेत, एखाद-दुसरी ऑक्टाव्हिया आरएस आहे आणि २०२२ पासून चाकणहून आलेल्या व्हर्टस-स्लाव्हियांची भर पडली आहे. यातल्या काहींचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ताकद वाढवण्यासाठी रीमॅप होतो, गाडी पुण्याला नाहीतर बंगळूरला ताकद मोजणाऱ्या डायनोवर चढते (दोन्हीकडे जाणारा महामार्ग एकच) आणि मालक एक कागद घेऊन परततो. त्यावर दोन आकडे असतात: चाकावरची ताकद आणि इंजिनाची ताकद. वाद होतो तो दुसऱ्या आकड्यावरून, कारण तो मोजलेला नसतो, पहिल्यावरून काढलेला असतो. या वादाची मुळं जुनी आहेत. ती ठाऊक नसली की प्रामाणिक ट्यूनरवर अन्याय होतो आणि फुगवून सांगणाऱ्याचं फावतं.

जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या अखेरीस एक हॉर्सपॉवर म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम, असं माप ठरवलं. इंजिनाची ताकद प्रत्यक्ष मोजायची सोपी सोय केली फ्रान्सच्या गास्पार द प्रोनीने, १८२१ मध्ये. फिरत्या ड्रमभोवती लाकडी ब्रेक आवळायचा, त्याला लांब दांडा जोडायचा आणि दांड्याच्या टोकाला वजन टांगायचं. ड्रम दांड्याला आपल्याबरोबर ओढू पाहतो. जितक्या वजनाने दांडा आडवा राहील, त्यावरून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, कळतो. टॉर्क आणि मिनिटाचे फेरे हाती आले की ताकद निघते. मोठ्या इंजिनापुढे लाकूड जळायचं. म्हणून १८७७ मध्ये विल्यम फ्रूडने जहाजाच्या इंजिनासाठी पाण्याच्या विरोधावर चालणारा डायनो बनवला.

आपल्या भागाला हे परकं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली, साताऱ्यात कूपरांचा कारखाना १९२२ पासूनचा. नांगर बनवणारी ही दोन्ही घराणी पुढे इंजिनांकडे वळली. कृष्णाकाठच्या उसाला पाणी पाजणाऱ्या ऑइल इंजिनाच्या पट्टीवर जो एचपीचा आकडा असतो, तो इंजिनाच्या शाफ्टवरचा. पंपाकडे जाणारा पट्टा सैल असेल तर पाणी कमी पडतं, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. गाडीचा प्रश्न नेमका तोच आहे, फक्त पट्ट्याच्या जागी क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि टायर आहेत.

मोटारीत मात्र सुरुवातीचा आकडाच डळमळीत होता. अमेरिकेत १९७१ पर्यंत कंपन्या इंजिन एअर क्लीनर, गाडीतला सायलेन्सर, अल्टरनेटरचा भार यांच्याशिवाय चालवून ताकद जाहीर करत. १९७२ च्या मॉडेलपासून सगळं जोडून मोजलेले आकडे आले आणि एका वर्षात ते धाडकन खाली आले. २००५ च्या सुमारास एसएई या अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने नियम पुन्हा आवळले, तेव्हा टोयोटा कॅमरी व्ही-सिक्सचे २१० एचपी इंजिन न बदलता १९० झाले. जपानमध्ये उलटं. १९८९ ते २००४ तिथल्या कंपन्यांनी आपसातल्या समजुतीने २८० पीएसच्या (मेट्रिक हॉर्सपॉवरच्या) वर आकडा लावला नाही. लॅन्सर इव्होल्यूशन, इम्प्रेझा एसटीआय या गाड्या वर्षानुवर्षं सुधारत गेल्या, तरी कागदावर २८०च. अशा कागदी आकड्यातून चाकावरचा मोजलेला आकडा वजा करून उरतो त्याला ‘ड्राइव्हट्रेनचा लॉस’ (इंजिन ते चाक या वाटेत गेलेली ताकद) म्हणायचं, हे पायाच कच्चा ठेवून घर बांधणं आहे.

तरी तसंच झालं. रोलरचे डायनो ट्यूनिंगच्या दुकानांत पसरले ते १९९० च्या दशकात. एका प्रकारात जड ड्रम असतो. त्याची जडता ठाऊक असते, तो किती वेगाने फिरू लागतो त्यावरून ताकद काढतात. दुसऱ्यात विजेच्या ब्रेकने रोलरला धरून ठेवतात. दोन्हींत मोजली जाते ती फक्त चाकावरची ताकद. गिऱ्हाइकाला मात्र माहितीपत्रकातल्या आकड्याशी तुलना हवी असते. मग चाकावरच्या आकड्यावरून इंजिनाचा आकडा काढायला, वाटेतला लॉस म्हणून मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी १५ टक्के आणि चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी २० ते २५ टक्के असे ठोकळे रूढ झाले.

१५ टक्क्यांचा ठोकळा तयार झाला लांब प्रोपेलर शाफ्ट आणि मागे ताकद काटकोनात वळवणारे हायपॉइड क्राउन-पिनियन गिअर असलेल्या गाड्यांवर. पॅकार्डने १९२६ मध्ये हे हायपॉइड गिअर मोटारीत आणले. त्याने शाफ्ट खाली गेला, गाडीची फरशी खाली आली, पण दात एकमेकांवर घासत सरकतात, ताकद उष्णतेत जाते आणि वेगळं जाड गिअर ऑइल लागतं. ऑक्टाव्हिया किंवा व्हर्टसमध्ये इंजिन आडवं असतं आणि ताकद काटकोनात वळवावीच लागत नाही. मग तोच ठोकळा तिला का लावायचा?

टक्केवारीतच मोठा घोळ आहे. दातांचं घर्षण टॉर्कबरोबर वाढतं, हे खरं. पण ऑइल घुसळण्यात, सीलमध्ये आणि मोकळ्या बेअरिंगमध्ये जाणारी ताकद मुख्यतः फेऱ्यांवर अवलंबून असते. रीमॅप केल्याने ती वाढत नाही. हिशेब मांडून पाहू. समजा, २३० पीएसची ऑक्टाव्हिया आरएस रीमॅपआधी चाकावर २०० दाखवते, म्हणजे ३० गेले, साधारण १३ टक्के. रीमॅपनंतर चाकावर २६५. १३ टक्क्यांनी इंजिन ३०५ होतं, ३० कायम धरले तर २९५. खरं उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी. पण दुकानदाराने २० टक्के धरले, तर तीच गाडी ३३१ ची होते आणि कागद सुंदर दिसतो.

जर्मन पद्धतीच्या डायनोवर रन, म्हणजे मोजणीची एक फेरी, संपल्यावर क्लच दाबून रोलर मोकळा सोडतात आणि तो मंदावताना होणारी ओढ मोजतात. ठोकळ्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. फक्त त्या वेळी दातांवर इंजिनाचा भार नसतो, त्यामुळे भाराखालचं घर्षण त्यात पुरतं पकडलं जात नाही. गाडी बांधायचे पट्टे किती आवळले, टायरमध्ये हवा किती, यानेही ही ओढ बदलते.

क्लचकडे आपल्याकडे फार कमी लक्ष जातं. व्हर्टस १.५ च्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) क्षमता २५० न्यूटन-मीटर आणि इंजिनाचा मूळ टॉर्कही तेवढाच. रीमॅपने तो वाढला आणि क्लच सुटू लागला तर इंजिनाचे आरपीएम आणि रोलरचा वेग यांचं प्रमाण एकाच गिअरमध्ये हलतं. आलेखात दोन्ही रेषा शेजारी छापून घेतल्या तर हे उघड दिसतं. क्लचने केलेली ही चोरी ड्राइव्हट्रेनच्या नावावर टाकून भागत नाही, गिअरबॉक्स उघडावा लागतो.

आणि आपली उंची. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर. एसएईचा जे१३४९ हा नियम २५ अंश आणि कोरड्या हवेचा ९९० मिलिबार दाब प्रमाण धरतो. इथे ३० अंशांत तो दाब ९२० धरला तर सूत्र आकड्याला सुमारे १० टक्के वाढवून देतं. बंगळूर आणखी उंच, तिथे वाढ आणखी जास्त. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाला ती रास्त आहे, कारण विरळ हवेत त्याची ताकद खरोखरच घटते. टर्बो मात्र जोर लावून बूस्ट, म्हणजे इंजिनात दाबून भरायची हवा, भरून काढतो. बूस्टचा एकूण दाब ईसीयू राखत असेल, तर दाबाची ही दुरुस्ती लावू नये, असं तोच नियम सांगतो. दुकानात सॉफ्टवेअरमधली या दुरुस्तीची खूण मात्र एकदा लावलेली तशीच राहते. रनआधी ती काढायला लावावी, मूळ आणि रीमॅपचे रन त्याच दिवशी, त्याच मशीनवर, त्याच गिअरमध्ये, इंटरकूलर थंड होऊ देऊन घ्यावेत आणि कागदावर चाकावरचाच आकडा ठळक छापून मागावा.