एच आणि एच१: गोळीच्या पाकिटावरचा लाल मजकूर

परभणी, बीड, नांदेड, कुठल्याही तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरवर जरा वेळ उभं राहा, हे ऐकू येतंच: "भैय्या, लाल रेघेची नको, साधी द्या. ती गरम पडती." गिऱ्हाइकाने पाकीट उलटंपालटं करून बघितलेलं असतं. नजर बरोबर जागी गेलेली असते, अर्थ मात्र भलताच लागलेला असतो. लाल रेघेवरून औषधाची पावर कळत नाही आणि गरम-थंडही कळत नाही. ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची, एवढाच तिचा निरोप आहे. रक्तदाबाची रोजची ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन घ्या, त्यांच्या पाकिटावरही ती असते. 'लाल आहे म्हणून' बापाची बीपीची गोळी परस्पर बंद करणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

खरा घोळ पुढे आहे. लाल मजकूर असलेली औषधं एकाच जातीची नसतात. कायद्याने त्यांचे दोन मोठे गट केलेत, शेड्यूल एच आणि शेड्यूल एच१. नावात फरक एका आकड्याचा. पाकिटावर बघाल तर दोन्हीकडे तीच आरएक्सची (Rx) म्हणजे चिठ्ठीच्या औषधाची खूण, तोच बारीक इंग्रजी मजकूर आणि तोच लाल रंग. सुरुवातीला एच१ ओळखायला सोपं होतं, कारण लाल किनारीची चौकट त्याचीच खूण होती. हल्ली एचच्या पाकिटांवरही मजकूर लाल चौकटीत दिसतो, त्यामुळे रंग बघून काही कळेल ही आशा सोडलेली बरी. अक्षरंच वाचावी लागतात.

एचच्या चौकटीत सांगितलेलं असतं: शेड्यूल एच, चिठ्ठीवरचं औषध, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय किरकोळीत विकू नये. एच१च्या चौकटीत हे वाक्य असतंच, पण त्याच्या आधी आणखी एक असतं: वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे. म्हणजे एचचा मजकूर दुकानदाराला उद्देशून आहे. एच१ आधी घेणाऱ्याला बजावतो आणि मग दुकानदाराकडे वळतो. चष्मा लावून वाचायची तयारी असेल तर फरक ओळखायची ही सगळ्यात भरवशाची जागा. 'एच'च्या शेजारी १ आहे का, आणि सूचना एक आहे की दोन, एवढं बघितलं तरी पुरतं.

आता या एका आकड्याने काउंटरवर काय बदलतं ते बघू, कारण भांडणं तिथंच होतात.

एचच्या औषधाला चिठ्ठी लागते, विक्रीची नोंद बिलबुकातही चालते. एच१साठी दुकानदाराला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव आणि किती दिलं, हे सगळं औषध देतानाच लिहायचं. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं आणि अन्न व औषध प्रशासनाचे औषध निरीक्षक आले की पुढे करायचं. म्हणून एखादा मेडिकलवाला एका गोळीला काहीच विचारत नाही आणि दुसरीला "पेशंटचं नाव काय? डॉक्टर कोण?" सुरू करतो. गिऱ्हाईक भडकतं, "गोळी द्यायची का सोयरीक जुळवायची?" माणूस भोचक नसतो. त्या पाकिटावर १ असतो, इतकंच. उलट मला विचाराल तर, नाव न विचारता एच१ची गोळी हातावर ठेवणाऱ्या दुकानापासून चार हात लांब राहावं.

हा एच१ आला कुठून? चिठ्ठीशिवाय विकू नये, हे पाकिटावर कितीतरी वर्षं छापलेलं होतं आणि विक्री आपली चालूच होती. मग सगळ्यात जास्त गैरवापर होणारी आणि ज्यांचा गैरवापर सगळ्यात महागात पडतो अशी औषधं वेगळी काढायचं ठरलं. १९४५च्या औषध नियमांत २०१३ साली ही दुरुस्ती झाली आणि १ मार्च २०१४पासून लागू झाली. पहिल्या यादीत ४६ औषधं होती. यादी चाळली की तीन ढीग दिसतात: वरच्या पायरीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, आणि सवय लावणारी झोपेची, दुखण्याची किंवा खोकल्याची औषधं.

अँटिबायोटिकच्या बाबतीत लोक हमखास फसतात. २०१६ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने लाल रेघेची मोहीम काढली, अँटिबायोटिक मनाने घेऊ नका म्हणून. मोहीम चांगली होती, पण तिच्यामुळे 'लाल रेघ म्हणजे अँटिबायोटिक' हे समीकरण डोक्यात बसलं. ते दोन्ही बाजूंनी लंगडं आहे. रेघ असलेली कितीतरी औषधं अँटिबायोटिक नाहीत. आणि अँटिबायोटिक्स सगळी एका घरात राहत नाहीत. ॲझिथ्रोमायसिन, ॲमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन एचमध्ये येतात. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन एच१मध्ये. सेफ्ट्रिॲक्सोन आणि मेरोपेनेमसारखी इंजेक्शनंही एच१मध्येच. पावसाळ्यात ताप आला की गल्लीत कुणीतरी सांगतं, "मागच्या वेळी मला सेफिक्झिमने एका दिवसात उतार पडला, तीच घे." ताप विषाणूचा असेल तर ही गोळी त्याला काहीच करत नाही, तो आपल्या वेळेनेच उतरतो. पोटातले जंतू मात्र या औषधाला ओळखायला शिकतात. पुढे टायफॉइड झाला आणि तेच औषध लागलं, तेव्हा अंबाजोगाईला न्या नाही तर संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात न्या, डॉक्टरच्या हातातली एक वाट कमी झालेली असते. एच१ त्यासाठी आहे.

म्हणजे एचमधली अँटिबायोटिक्स मनाने घेतली तर चालतात, असं कुणी ऐकलं असेल तर ते साफ चूक. तिथेही चिठ्ठी लागतेच. फरक पहाऱ्याचा आहे, परवानगीचा नाही.

मराठवाड्यात या दोन गटांची सगळ्यात जवळून गाठ पडते ती अंगदुखीच्या गोळीत. दिवाळीच्या आसपास बीड, धारूर, केज, पाथरी या पट्ट्यातून ऊसतोडीला जोड्या निघतात. बिऱ्हाडात पीठमीठ असतं तशी गोळ्यांची पिशवीही असते. पाठ आणि खांदे रोज भरून येतात, पहाटे उठून फडात उतरायचंच असतं, म्हणून 'जरा कडक गोळी' मागितली जाते. कडक म्हणून जे मिळतं ते दोन अगदी वेगळ्या जातींचं असू शकतं.

पहिल्या जातीत डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक. बहुतेक वेळा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत. हे शेड्यूल एच. या गोळ्या नशा आणत नाहीत, सवय लावत नाहीत, म्हणून निर्धास्तपणे रोज घेतल्या जातात. त्यांचा घाव पोटावर आणि किडनीवर पडतो. उपाशीपोटी घेतल्या तर जठराला जखम होऊन रक्त जाऊ शकतं. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन महिनोन्‌महिने घेतल्या तर किडनी कुरकुरायला लागते, आणि ती कुरकुर माणसाला फार उशिरा ऐकू येते.

दुसऱ्या जातीत ट्रॅमाडॉल. हेही पुष्कळदा पॅरासिटामॉलसोबतच, त्यामुळे पाकिटावरचं अर्धं नाव सारखंच. हे एच१. शिवाय २०१८पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, म्हणून त्यावर साध्या आरएक्सऐवजी लाल एनआरएक्स (NRx) छापावं लागतं. ही गोळी दुखणं मेंदूत दाबते. गुंगी येते, मळमळतं, काहींना फिट येऊ शकते, आणि काही आठवड्यांनी शरीर ती मागायला लागतं. मध्येच एकदम थांबवली तर घाम, अस्वस्थता, झोप उडणं सुरू होतं. माणसाला वाटतं दुखणं वाढलं. वाढलेली असते मागणी. ऑपरेशननंतर, कॅन्सरच्या दुखण्यात डॉक्टर ती देतात आणि तिथे ती फार कामाची आहे. उसाचा फड ही तिची जागा नव्हे.

दोन्ही गोळ्या मागणाऱ्याच्या तोंडी 'अंगदुखीची' असतात. पाकिटावर मात्र एकीवर एच असतो, दुसरीवर एच१.

झोपेच्या गोळ्यांचं फार लांबवत नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, सगळ्या एच१मध्ये. संभाजीनगरच्या पेपरात नशेच्या 'बटन' गोळ्यांच्या धाडीच्या बातम्या येतात, ती याच कुळातली औषधं. पण घरोघर दिसतं ते वेगळंच: आजीला कधीतरी डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी लिहून दिलेली अर्धी गोळी वर्षानुवर्षं चालू, आणि तीच मळकी चिठ्ठी दाखवून नवं पाकीट आणलं जातं. नियम असा की डॉक्टरने पुन्हा द्यावी असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच मिळतं. आजीची गोळी मात्र एकदम तोडू नका, ती हळूहळू कमी करावी लागते आणि ते काम डॉक्टरचं आहे. कोडीनचं खोकल्याचं औषधही एच१मध्ये येतं. आणि यादीतलं सगळ्यात अनपेक्षित नाव म्हणजे डायफिनॉक्सिलेट, जुलाब थांबवायची गोळी. अफूच्याच नात्यातली असल्यामुळे ती तिथे आहे.

टीबीची औषधं एच१मध्ये का, हा प्रश्न रास्त आहे. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल कुणी हौसेने खात नाही. इथे भीती उलट बाजूची आहे. थोडं बरं वाटलं की गोळ्या सुटतात आणि अर्धवट मारलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. खासगी दुकानातून ही औषधं कोण घेतंय हे आरोग्य खात्याला कळायला हवं, आणि २०१८पासून टीबीच्या रुग्णाची माहिती कळवण्याची जबाबदारी औषध दुकानदारावरही आहे. गावात नाव फुटेल या धास्तीने बरेच जण, विशेषतः लग्नाच्या वयाच्या पोरींचे आईबाप, दूरच्या शहरातून गोळ्या आणतात आणि नाव खोटं सांगतात. त्यात नुकसान स्वतःचंच. सरकारी दवाखान्यात हीच औषधं फुकट मिळतात आणि नोंद असलेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला पैसे मिळतात, आधी ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४पासून १०००.

एच आणि एच१च्या आसपास आणखी दोन-तीन अक्षरं घोटाळतात. शेड्यूल जीवर लिहिलेलं असतं की वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं. वाक्य एच१च्या पहिल्या ओळीसारखंच वाटतं, पण रजिस्टरचा कारभार त्याला नाही. शुगरची मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन त्यात येतात. शेड्यूल एक्स एच१च्याही वरचं, तिथे चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक दुकानदार ठेवून घेतो. आणि एच२ बघून ही एच१च्या पुढची, आणखी कडक पायरी असेल असं समजू नका. ती ३०० ब्रँडची यादी आहे, ज्यांच्यावर १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोड किंवा बारकोड छापणं सक्तीचं झालं, माल खरा की बनावट ते तपासता यावं म्हणून. धोक्याशी तिचा संबंध नाही.

आणि काहीच लाल नसलं तर? साध्या पॅरासिटामॉलला चिठ्ठी लागत नाही, पण जास्त घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते असा इशारा त्याच्या पाकिटावरही असतो. तो काळ्या अक्षरात असतो म्हणून कुणी वाचत नाही. तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी आणि अंगदुखीची वेगळी अशा तीन पुड्या एकदम घेणाऱ्याच्या पोटात तिन्हींमधलं पॅरासिटामॉल एकत्र होतं. लाल मजकुराची धास्ती घेणारेच इथे सगळ्यात सैल असतात.

या सगळ्यात एक अडचण मात्र छपाईवाल्यांनी आणि कात्रीने मिळून केलेली आहे. आपल्याकडे पूर्ण पाकीट घेणारे थोडे. "दोन दिवसांच्या द्या" म्हटलं की चार गोळ्या कापून मिळतात. लाल रेघ पाकिटाच्या डाव्या कडेने वरपासून खालपर्यंत जाते, त्यामुळे आडवं कापलं तर ती तुकड्यावर राहते. चौकट आणि मुदतीची तारीख मात्र बऱ्याच पाकिटांवर एखाद्याच ठिकाणी असते, ती दुकानात उरलेल्या तुकड्यासोबत राहते. घरी आलेल्या तुकड्यावरून गोळी चिठ्ठीची आहे एवढं कळतं, एच की एच१ ते कळत नाही, कधी कधी नावसुद्धा अर्धं तुटलेलं असतं. म्हणून कापायच्या आधीच अख्खं पाकीट हातात मागून घ्यावं आणि मागची बाजू वाचावी. इंग्रजी जमत नसेल तर सरळ विचारावं, "हिच्यावर एच आहे का एच१?" शिवाय पक्कं बिल घ्यावं. त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असते. ते बिल त्या कापलेल्या गोळ्यांनाच रबर लावून ठेवलं, म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टरने "मागे काय घेतलं होतं?" विचारलं की 'पांढरी, गोल, लाल रेघेची' असं सांगत बसावं लागत नाही.