सर्व्हरचा राउटर: जुनीच वहिवाट

लिनक्सच्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं लावली, तरी तो आपणहून एका जाळ्यातलं पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) दुसऱ्या जाळ्यात सोडत नाही, म्हणजे राउटर बनत नाही. कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, 'आयपी फॉरवर्ड' ही सेटिंग मुळात शून्यावर असते, ती मुद्दाम एक करावी लागते. या शून्यामागे ऑक्टोबर १९८९ ची आरएफसी ११२२ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) आणि त्याआधीचा बराच वाद आहे.

१९८३ साली आलेल्या ४.२बीएसडी युनिक्ससोबत टीसीपी/आयपी (इंटरनेटवर संगणकांनी बोलण्याचे नियम) तर मिळालंच, शिवाय मार्गांची देवाणघेवाण करणारा 'राउटेड' हा प्रोग्रामही मिळाला. दोन इथरनेट कार्डं असलेलं व्हॅक्स किंवा सनचं मशीन की झाला गेटवे, म्हणजे तेव्हाच्या भाषेत राउटर. विद्यापीठांना हे स्वस्तात पडलं. पण ज्या मशीनवर दिवसा विद्यार्थी प्रोग्राम चालवणार आणि जे कुणीही रीबूट करणार, त्याच्या भरवशावर अख्खा विभाग जोडलेला असायचा. आरएफसीने दोन्ही बाजू नोंदवल्या: छोट्या, अनौपचारिक जागी हातातलं मशीन वापरणं सोयीचं आणि काटकसरीचं, उलट गेटवेचे नियम सतत बदलणार, आणि काही यजमान यंत्रं (जाळ्याला जोडलेले साधे संगणक) ज्या पद्धतीने चालवली जातात तिच्यात स्थिर सेवा मिळणं कठीण. निष्कर्ष इतकाच, की मशीनने गेटवे व्हायचं की नाही हे त्याच्या व्यवस्थापकाने जाणूनबुजून ठरवावं. माझ्या मते दोन्ही बाजू आजही तितक्याच खऱ्या आहेत.

तसं पाहिलं तर राउटर जन्मला तोच सर्वसाधारण संगणकाच्या पोटी. १९६९ मध्ये बीबीएन कंपनीने इंटरनेटच्या पूर्वज आर्पानेटसाठी उभारलेली, पॅकेटं पुढे पाठवणारी आयएमपी यंत्रं म्हणजे हनीवेल ५१६ हे मजबूत पेटीत घातलेलं मिनिकॉम्प्युटर. १९८६ च्या एनएसएफनेट या अमेरिकन संशोधन-जाळ्याचा ५६ किलोबिटचा कणा (मुख्य मार्ग) डेव्हिड मिल्स यांच्या 'फझबॉल' सॉफ्टवेअरवर, डेक कंपनीच्या छोट्या एलएसआय-११ यंत्रांवर चालला. १९८८ मध्ये तोच कणा दीड मेगाबिटचा झाला, तेव्हा एकेका केंद्रात आयबीएमचे अनेक आरटी संगणक एकत्र जोडून राउटर बनवला गेला.

सिस्कोची स्थापना १९८४ ची. राउटर हा स्वतंत्र डबा म्हणून विकायचा धंदा तिथून रुजला, आणि वेग वाढला तसं पॅकेट पुढे ढकलण्याचं काम खास चिपकडे गेलं. १९९८ च्या जुनिपर एम४० ची जाहिरातच सेकंदाला चार कोटी पॅकेटांची होती. गंमत म्हणजे त्याच डब्यात मार्ग ठरवणारा मेंदू इंटेलच्या प्रोसेसरवर, फ्रीबीएसडी या युनिक्सवर बेतलेल्या जुनॉस प्रणालीवर चालायचा. पीसी हद्दपार झालाच नव्हता, त्याच्या हातून फक्त ढकलाढकल काढून घेतली होती.

इकडे खालच्या थरात जुनीच रीत चालू राहिली. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट खुलं केलं. पुढच्या सायबर कॅफेंच्या काळात एका कनेक्शनवर दहा मशीन चालवायला कोपऱ्यातला जुना पेंटियम आणि लिनक्सचं मास्करेडिंग (अनेक मशीन एकाच पत्त्याआड चालवण्याची सोय) पुरायचं. लिनक्स राउटर प्रोजेक्ट तर एका १.४४ एमबी फ्लॉपीत मावायचा.

अडचण इंटरप्टची होती. प्रत्येक पॅकेटगणिक कार्ड प्रोसेसरला टोकतं. गर्दी वाढली की प्रोसेसर नुसता ओ देत बसतो आणि पुढे काहीच जात नाही. मोगल आणि रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये या अवस्थेवर, म्हणजे 'रिसीव्ह लाइव्हलॉक'वर, उपाय मांडला: गर्दीत इंटरप्ट बंद करा आणि प्रोसेसरनेच सवडीने कार्डाकडे पाहावं. एमआयटीच्या 'क्लिक' राउटरने २००० च्या सुमारास ७०० मेगाहर्ट्‌झच्या पेंटियम-३ वर सेकंदाला ३,३३,००० पॅकेटं नेऊन दाखवली. लिनक्सने हीच कल्पना 'नॅपी' म्हणून घेतली.

तरी दहा गिगाबिटचं गणित भीतिदायक आहे. ६४ बाइटची पॅकेटं भरून आली तर सेकंदाला १.४८ कोटींहून जास्त, म्हणजे एकेका पॅकेटला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. तेवढ्यात मेमरीत एखादीच फेरी होते. म्हणून लुइजी रिझो यांचं नेटमॅप आणि इंटेलचं डीपीडीके या सॉफ्टवेअरनी कर्नललाच वळसा घातला. लिनक्सने २०१६ मध्ये एक्सडीपी आणून पॅकेटाचा निकाल थेट ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) दाराशी लावण्याची सोय केली.

सर्व्हरची एक बाजू मात्र कायम भक्कम राहिली: मेमरी. १२ ऑगस्ट २०१४ ला जगाच्या बीजीपी तक्त्याने (इंटरनेटवरच्या जाळ्यांकडे जाणाऱ्या मार्गांच्या यादीने) ५,१२,००० मार्गांची रेघ ओलांडली आणि तेवढ्याच मर्यादेच्या चिप-मेमरीवर बसलेले कित्येक महागडे राउटर कोलमडले. क्वागा किंवा बर्ड हे मार्ग ठरवणारं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या सर्व्हरला त्या रेघेचं सोयरसुतक नव्हतं.

नुसत्या वेगात सर्व्हर आज स्पर्धेत नाही. २०२२ चं ब्रॉडकॉमचं टोमाहॉक ५ एका चिपमध्ये ५१.२ टेराबिट हलवतं. जिथे प्रत्येक पॅकेटाचा थोडा विचार करावा लागतो, ती कामं सर्व्हरकडे आहेत: नॅट (पॅकेटावरचे पत्ते बदलणं), फायरवॉल, व्हीपीएन, भारवाटप (येणारं काम अनेक सर्व्हरांत वाटणं). फेसबुकने २०१८ मध्ये खुलं केलेलं 'कट्रान' हे भारवाटपाचं सॉफ्टवेअर साध्या सर्व्हरवर, एक्सडीपीच्याच आधाराने चालतं.