पाळीच्या आधी स्तन जड का होतात?

पाळी जवळ आली की ब्रा काचायला लागते, जिना उतरताना छातीत दुखतं, पालथं झोपवत नाही. पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत सगळं हलकं. अनेकजणी वर्षानुवर्षं हे अनुभवतात, पण आत नेमकं काय चाललेलं असतं ते त्यांना क्वचितच कुणी सांगतं.

गर्भ राहील म्हणून गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला जाड होतं आणि नाही राहिला तर गळून पडतं, हे बहुतेकांना माहीत असतं. तशीच तयारी स्तनांतही होते. स्तनात दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म ग्रंथींचे घोस असतात आणि त्यांच्यापासून निघालेल्या नलिका स्तनाग्राकडे जातात. तयारी चालते ती मुख्यतः या घोसांत.

वेळापत्रक मात्र वेगळं. गर्भाशयाचं अस्तर वाढतं ते स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी, इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) जोरावर. तेव्हा स्तनातल्या पेशी बऱ्यापैकी शांत असतात. स्त्रीबीज बाहेर पडून प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक चढू लागलं की त्यांची लगबग सुरू होते. फर्ग्युसन आणि अँडरसन या संशोधकांनी 1981 मध्ये स्तनाच्या ऊतींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. 28 दिवसांच्या चक्रात पेशींचं विभाजन 25व्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक होतं आणि पेशींचा मृत्यू 28व्या दिवसाच्या सुमारास. म्हणजे उभारणी कळसाला पोचल्यावर तीनच दिवसांत आवराआवर! गर्भाशयाला निदान रक्तावाटे अस्तर बाहेर टाकता येतं. स्तनात तशी वाट नाही, म्हणून मेलेल्या पेशी आसपासच्या पेशीच गिळून टाकतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. प्रोजेस्टेरॉनचा निरोप ज्या पेशींना मिळतो, त्या स्वतः सहसा विभागत नाहीत. त्या रँकएल नावाचं प्रथिन तयार करून तो निरोप शेजारच्या पेशींना देतात आणि विभागतात त्या शेजारच्या.

जडपणा येतो त्यात पाण्याचाही मोठा वाटा असतो. ग्रंथींभोवतालची ऊती सैल होते, त्यात पाणी साठतं, रक्तपुरवठाही वाढतो. दुखणं बहुधा दोन्ही स्तनांत, वरच्या-बाहेरच्या भागात, काखेच्या बाजूला जाणवतं. त्याने कर्करोगाचा धसका घेणाऱ्या पुष्कळजणी आहेत, पण पाळीबरोबर येणारं-जाणारं असं दुखणं सहसा कर्करोगाचं लक्षण नसतं.

पाळीआधी हाताला गाठीगाठी लागतात त्याही बऱ्याचदा याच फुगलेल्या ऊतीच्या. म्हणून स्तन चाचपून पाहायचे तर पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत पाहावेत. स्तनांचा एमआरआयही शक्यतो चक्राच्या 7व्या ते 14व्या दिवसांत करतात, कारण तेव्हा ऊती सर्वांत शांत असते आणि चित्र स्पष्ट येतं. पाळी येऊन गेली तरी जी गाठ तशीच राहते, ती लगेच डॉक्टरांना दाखवावी. तिच्यासाठी आणखी एका पाळीची वाट पाहू नये.