दिवस बरा जाणं आणि आयुष्य बरं चालणं

सुखाची मोजदाद करणारे अभ्यासक दोन वेगळे प्रश्न विचारतात आणि आपण त्यांची हमखास सरमिसळ करतो. पहिला प्रश्न: काल हसलात का, काळजी वाटली का, राग आला का? दुसरा: शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुमचं आयुष्य आज कुठे आहे?

खानापूर तालुक्यात रोप लावणीच्या दिवसांत एखाद्या काकूंना संध्याकाळी पहिला प्रश्न विचारा. दिवसभर चिखलात वाकून कंबर धरलेली, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. उत्तर कडूच येणार. त्याच काकूंना शिडी दाखवा. सोसायटीचं कर्ज फिटलंय, मुलगी बेळगावला कॉलेजात जाते, म्हणून त्या सातव्या-आठव्या पायरीवर बोट ठेवतील. दोन्ही उत्तरं खरीच.

उलटही घडतं. पुण्याला कंपनीत लागलेल्या मुलाची पायरी चढते, पण रोज रात्री खोलीवर एकट्यानं जेवण.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी २०१० साली अमेरिकेतल्या साडेचार लाखांवर उत्तरांतून हाच फरक दाखवला. मिळकत आणि शिक्षण यांचा जास्त संबंध शिडीशी. रोजच्या मनःस्थितीवर मात्र तब्येत, एकटेपणा, घरात कुणाचं आजारपण काढावं लागणं यांचा भार अधिक. वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे रोजचा आनंद वाढत नाही, असंही त्यांना आढळलं होतं. तेवढंच वाक्य जगभर फिरलं. पण २०२३ साली स्वतः कानमन यांनी मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स या संशोधकांसोबत ते दुरुस्त केलं: बहुतेकांचा आनंद त्यापुढेही वाढतो, थांबतो तो मुळात सर्वांत दुःखी असलेल्यांचा. म्हणून ‘पैशानं सुख मिळत नाही’ हे गरिबाला ऐकवू नये, असं मला मनापासून वाटतं.

फिनलंड २०१८ पासून सुखी देशांच्या जागतिक यादीत पहिला येतो, तोही शिडीच्या प्रश्नावर. तिथले लोक दिवसभर हसत असतात, असा त्याचा अर्थ नाही.

आपल्याकडे स्थळ बघताना सगळी चौकशी शिडीचीच होते: पगार किती, घर स्वतःचं का, शेती किती एकर. ती करावीच. पण त्या घरात सासू-सुनेचं बोलणं आहे का, मुलगा कामावरून किती वाजता घरी येतो, जेवायला सगळे एकत्र बसतात का, हेही उघडपणे विचारावं. मुलीचे रोजचे दिवस तिथे जायचे आहेत.